दुभाष्याचा दोष : कालबाह्य ड्रायव्हर आणि संगणकाच्या बिघाडाचे निदान

१

शुक्रवार, दि. १९ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या अंधेरी उपनगरातील सहार विमानतळावर, तसेच देशातील इतर अनेक विमानतळांवर, विमान कंपन्यांची चेक-इनची संगणकव्यवस्था विस्कळीत झाली आणि प्रवाशांची नोंद कर्मचाऱ्यांना हाताने करावी लागली. एकट्या इंडिगो कंपनीला देशभरातील सुमारे दोनशे उड्डाणे रद्द करावी लागली. दुसऱ्या दिवशी केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी जाहीर केल्याप्रमाणे २० जुलैच्या पहाटे ३ वाजल्यापासून विमानतळांवरील व्यवहार पूर्ववत होऊ लागला. त्या एका दिवसात विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक जगभर कोसळले असा अंदाज मायक्रोसॉफ्टने वर्तविला. या अनर्थाच्या मुळाशी शत्रूचा हल्ला नव्हता, वीज गेलेली नव्हती आणि यंत्रांचा एकही भाग झिजलेला नव्हता. एक ड्रायव्हर आणि त्याला पुरविलेला मजकूर यांचा मेळ बसला नव्हता, एवढेच त्याचे कारण होते.

ड्रायव्हर ही वस्तू संगणक वापरणाऱ्यास सहसा दिसत नाही. प्रिंटर, पडद्यावर चित्र उमटविणारे कार्ड, ध्वनीचे कार्ड, स्कॅनर अशा प्रत्येक साधनाची स्वतःची एक बोली असते. ऑपरेटिंग सिस्टीम ही सर्वांसाठी समान अशी दुसरीच भाषा बोलते. या दोहोंमध्ये उभा राहून एकीचे म्हणणे दुसऱ्याला समजेल अशा रूपात पोहोचविणारा जो छोटा प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर होय. जुन्या दरबारातील दुभाष्याचे जे काम तेच याचे. आणि दुभाष्याच्या चुकीचे खापर जसे पुष्कळदा बोलणाऱ्याच्या किंवा ऐकणाऱ्याच्या माथी फुटे, तसेच ड्रायव्हरच्या चुकीचे खापर यंत्रावर किंवा ऑपरेटिंग सिस्टीमवर फुटते.

'जुन्या ड्रायव्हरमुळे संगणक बंद पडतो' हे विधान आज सर्वतोमुखी झाले आहे. त्यातील 'जुना' या शब्दाचा नेमका अर्थ कोणता आणि तो दोष ओळखण्याची पद्धत कशी घडत गेली, याचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखकाचे प्रतिपादन थोडक्यात असे : कालबाह्यता हा ड्रायव्हरचा अंगभूत गुण नसून ड्रायव्हर आणि त्याच्या भोवतालची व्यवस्था यांच्या संबंधाचा गुण आहे. म्हणून निदानाचा पहिला प्रश्न 'कोण चुकले' हा नव्हे, तर 'काय बदलले आणि केव्हा बदलले' हा आहे. तो प्रश्न इतिहासाचा आहे, आणि त्याचे उत्तर मिळण्यासाठी इतिहासाला लागते तशीच साधनांची जपणूक लागते.

२

मुंबईच्या उपनगरांत संगणकाचा प्रवेश पवईच्या वाटेने झाला असे म्हणावयास हरकत नाही. इ. स. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेस सोव्हिएत संघाचे साहाय्य लाभले होते, आणि १९६० नंतरच्या दशकात मिन्स्क-२ हा सोव्हिएत बनावटीचा संगणक तेथे आला. त्या पिढीच्या यंत्रांचे एक वैशिष्ट्य प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. गणना करणारा भाग, छिद्रांकित फीत वाचणारा भाग आणि उत्तर छापणारा भाग हे सारे एका निर्मात्याकडून, एकमेकांसाठीच तयार होऊन येत. फीत कशी वाचावी आणि ओळ कशी छापावी याचे आदेश बहुधा प्रोग्रॅममध्येच किंवा त्यास जोडावयाच्या तयार अंशांत असत. सर्वजण एकच भाषा बोलत असल्यामुळे स्वतंत्र दुभाष्याची गरज अल्प होती.

ही स्थिती दोन टप्प्यांत पालटली. पहिला टप्पा विचाराचा. १९६९ पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम घडत गेली, तिने प्रत्येक साधनास फाईलचे रूप दिले. प्रोग्रॅमने केवळ 'लिही' म्हणावे. लिहिणे कागदावर होते की चुंबकीय फितीवर, ही चिंता ड्रायव्हरने वाहावी, अशी श्रमविभागणी तिने रूढ केली. दुसरा टप्पा बाजाराचा. १९८१ मध्ये आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक आला. त्याची रचना इतरांना अनुकरण करता येण्याजोगी होती. मायक्रोसॉफ्टने मार्च १९८३ मध्ये डॉस २.० ही आवृत्ती काढली आणि बाहेरून ड्रायव्हर जोडण्याची सोय तीत ठेवली. कॉन्फिग नावाच्या एका फाईलमध्ये एक ओळ लिहिली की नवे साधन चालू होत असे. येथून पुढे यंत्राचा निर्माता एक, साधनाचा दुसरा, ऑपरेटिंग सिस्टीमचा तिसरा आणि ड्रायव्हर लिहिणारा कदाचित चौथा, अशी व्यवस्था सुरू झाली.

या व्यवस्थेचे सर्वांत उघड रूप म्हणजे 'असेंबल' केलेला संगणक. १९९० नंतरच्या दोन दशकांत अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील घरांत व लहान कचेऱ्यांत तो सर्रास दिसे. मदरबोर्ड एका कंपनीचा, ग्राफिक्स कार्ड दुसरीचे, मोडेम तिसरीचा. प्रत्येकाच्या खोक्यात ड्रायव्हरची एकेक सीडी. सीडी हरवली किंवा ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती बदलली, की दुभाष्याचा पत्ता हरपला. असेंबल केलेला संगणक स्वस्त होता, मध्यमवर्गाच्या आवाक्यात होता, आणि ज्ञानप्रसाराच्या दृष्टीने त्याचे ऋण मोठे आहे. परंतु त्याच्या अंगी असलेले हे बहुभाषकत्व त्याच्या अस्थैर्याचेही कारण होते.

३

दुभाष्याची चूक संभाषण बिघडविते. ती सारा दरबारच उधळून का लावते, हा पुढचा प्रश्न. याचे उत्तर ड्रायव्हरला दिलेल्या स्थानात आहे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यास कर्नेल म्हणतात. साधा प्रोग्रॅम चुकला तर कर्नेल त्यास एकट्याला बंद करू शकतो. विंडोजमधील बहुसंख्य महत्त्वाचे ड्रायव्हर मात्र कर्नेलच्या आतच चालतात. त्यांना मेमरीच्या कोणत्याही भागात हात घालता येतो. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये चित्रे काढण्याचे काम करणारा भाग व त्याचे ड्रायव्हरही वेगासाठी कर्नेलच्या आत घेण्यात आले. आतल्याच माणसाने मेमरीतील मजकूर बिघडविला, तर कर्नेलला कशावरच विश्वास ठेवता येत नाही. पुढे चालत राहून वापरणाऱ्याच्या फाईल नासविण्यापेक्षा तेथेच थांबणे त्यास श्रेयस्कर वाटते. ज्याला आपण 'क्रॅश' म्हणतो ते वस्तुतः असे जाणूनबुजून केलेले थांबणे आहे. जो निळा पडदा त्या वेळी दिसे, आणि ज्याचा रंग मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये विंडोज ११ साठी काळा केला, तो त्या थांबण्याची नोंद होय.

दोष ड्रायव्हरांतच अधिक असतो, हे बराच काळ केवळ अनुभवाचे मत होते. २००० नंतर त्यास मोजमापाचा आधार मिळाला. २००१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी लिनक्सच्या कर्नेलची तपासणी केली. ड्रायव्हरांतील चुकांचे प्रमाण कर्नेलच्या उर्वरित भागांच्या तुलनेने तीन ते सात पट असल्याचे त्यांना आढळले. २००३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील स्विफ्ट, बर्शॅड व लेव्ही यांनी आपल्या निबंधात नोंदविले, की विंडोज एक्सपीच्या तत्कालीन बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे घडत होते. हे कळू शकले, कारण एक्सपीपासून कोसळलेला संगणक, वापरणाऱ्याच्या संमतीने, आपल्या शेवटच्या क्षणाचा वृत्तान्त मायक्रोसॉफ्टकडे पाठवू लागला होता. एकेकट्या घरात अपघात वाटणारी घटना लाखो वृत्तान्त एकत्र येताच नियमबद्ध दिसू लागली. याच सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात टॉमस बॉल व श्रीराम राजमणी यांनी, ड्रायव्हर प्रत्यक्ष न चालविता, त्याची संहिता वाचूनच तो कर्नेलचे नियम पाळतो की नाही हे तपासण्याची पद्धती विकसित केली. ड्रायव्हर व कर्नेल यांच्यात एक अलिखित व्याकरण आहे, ते लिखित स्वरूपात आणले पाहिजे, ही त्या कार्यामागील भूमिका भाषेच्या अभ्यासकास सहज पटण्यासारखी आहे.

४

आता 'जुना' या शब्दाकडे वळू. लोखंड गंजते, कापड विरते. तसा ड्रायव्हर झिजत नाही. वीस वर्षांपूर्वीचा ड्रायव्हर अक्षरशः जसाच्या तसा राहतो. बदलते ते भोवतालचे. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा सर्वांसाठी विक्रीस आली तेव्हा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरांचा संपूर्ण साचाच पालटला होता. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना नवे व्याकरण घाईने शिकावे लागले. पुढे एका न्यायालयीन दाव्यात उघड झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत आकडेवारीनुसार, २००७ मधील व्हिस्टाच्या नोंदलेल्या बिघाडांपैकी सुमारे २९ टक्के बिघाड एनव्हीडिया या एकाच कंपनीच्या ड्रायव्हरांशी निगडित होते. ज्या कार्डांनी एक्सपीवर वर्षानुवर्षे बिनतक्रार काम केले होते, तीच कार्डे व्हिस्टावर अडखळू लागली. कार्डे तीच होती. भाषा बदलली होती.

ड्रायव्हरवरील तारीख पाहून त्याचे वय ठरवावे असे कोणी म्हणेल, तर तेही फसवे आहे. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या बहुसंख्य ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख असते, मग ते काल का लिहिलेले असेनात. साधनाच्या निर्मात्याने दिलेला ड्रायव्हर नेहमी अधिक नवा ठरून त्यास प्राधान्य मिळावे, म्हणून ही तारीख मुद्दाम मागची ठेवली आहे. इंटेल कंपनीच्या चिपसेटच्या काही फाईलींवर तर १८ जुलै १९६८ अशी तारीख आढळते. तो त्या कंपनीच्या स्थापनेचा दिवस होय. हस्तलिखिताच्या शेवटी लिहिलेला शक हा रचनेचा, नकलेचा की मागाहून घातलेला, हे तपासल्याशिवाय कोणताही संशोधक कालनिर्णय करीत नाही. येथेही तोच विवेक हवा. आवृत्तीचा क्रमांक, साधनाचा ओळखक्रमांक आणि ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती या तिन्ही गोष्टी जुळवून पाहिल्यावरच 'कालबाह्य' हा शब्द उच्चारावा.

या प्रश्नाची एक बाजू आपल्या भाषेशी थेट निगडित आहे. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्ट कार्डाच्या द्वारे वैयक्तिक संगणकावर देवनागरी आणली. पुढे कार्डाची जागा सॉफ्टवेअरने घेतली, तरी मराठी अक्षरजुळणीच्या अनेक प्रणाली 'हार्डवेअर लॉक'सह विकल्या जात. प्रिंटरच्या पोर्टमध्ये बसविलेली ती लहानशी डबी जागेवर असल्याची खात्री पटल्याशिवाय प्रणाली उघडत नसे; आणि ती खात्री पटविणारा असे ड्रायव्हर. ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचे ड्रायव्हर चालत नाहीत, आणि व्हिस्टापासून त्यावर अधिकृत स्वाक्षरी नसलेल्या ड्रायव्हरला कर्नेलमध्ये सहसा प्रवेश नाही. नव्या संगणकांवर तर तो पोर्टही उरला नाही. परिणामी केवळ लॉकसाठी जुना एक्सपीचा संगणक चालू ठेवण्याची पाळी मुद्रणव्यवसायातील अनेकांवर आली, आणि एक्सपीचे अधिकृत साहाय्य तर ८ एप्रिल २०१४ रोजीच संपले. युनिकोडपूर्व फाँटांत जुळविलेला मजकूर त्या यंत्रांत बंदिस्त आहे. मोडी दप्तरे शाबूत आहेत, पण वाचणारा उरला नाही, अशी जी अवस्था आपण एकदा पाहिली, तिचीच ही लहान आवृत्ती होय. एका कालबाह्य ड्रायव्हरची किंमत कित्येकदा एका संगणकापुरती नसते.

५

निदानाच्या पद्धतीचे तीन भाग पाडता येतात : साक्ष जपणे, साक्ष वाचणे आणि प्रयोगाने तिची परीक्षा घेणे.

कोसळताना विंडोज मेमरीचा एक लहान ठसा 'मिनीडम्प' नावाच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवते. थांबण्याचा संकेत, त्या क्षणी चालू असलेले काम आणि कर्नेलमध्ये उपस्थित असलेल्या सर्व ड्रायव्हरांची यादी त्यात सापडते. याखेरीज 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये घटनांची नोंद असते, आणि 'रिलायबिलिटी मॉनिटर'मध्ये कोणत्या दिवशी कोणता अपडेट बसला व कोणत्या दिवशी बिघाड झाला, हे शेजारी शेजारी दिसते. शकावलीत जशा त्रोटक, पण तिथिवार नोंदी असतात तसेच याचे स्वरूप आहे. आणि 'काय बदलले व केव्हा' या प्रश्नाचे निम्मे उत्तर बहुधा येथेच मिळते.

दुसरा भाग वाचनाचा. विनडीबीजी या साधनाने ठसा उघडला असता ते बहुधा एखाद्या ड्रायव्हरचे नाव पुढे करते. येथे सावधपणा हवा. मेमरी बिघडविणारा ड्रायव्हर एक, आणि ती बिघडलेली मेमरी हाती लागून कोसळणारा दुसरा, असे वारंवार घडते. पाठचिकित्सेत हा अनुभव नेहमीचा आहे : अशुद्ध पाठ ज्या पोथीत प्रथम आपल्या नजरेस पडतो, त्या पोथीच्या लेखकानेच ती चूक केली असे नव्हे, त्याने ती पूर्वीच्या प्रतीतून निष्ठेने उतरविलेलीही असू शकते. म्हणून एक पोथी पुरत नाही. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना सुखटणकरांनी अनेक प्रतींची कुळे लावली, ती याच कारणास्तव. त्याचप्रमाणे पाच-सहा ठसे एकत्र ठेवून पाहावेत. प्रत्येक वेळी नाव निराळे येत असेल तर संशय ड्रायव्हरऐवजी मेमरीच्या चिपवर जातो; प्रत्येक वेळी एकच नाव येत असेल तर आरोप बळावतो.

तिसरा भाग प्रयोगाचा. 'सेफ मोड'मध्ये अत्यावश्यक ड्रायव्हरच चालू होतात. तेथे संगणक स्थिर राहिला तर दोष बाहेरून आलेल्या ड्रायव्हरांत असण्याचा संभव वाढतो. मग एका वेळी एकच बदल करावा : संशयित ड्रायव्हर मागील आवृत्तीवर न्यावा, ही सोय एक्सपीपासून आहे, किंवा निर्मात्याकडून साधनाच्या नेमक्या ओळखक्रमांकाची आवृत्ती आणून बसवावी. विंडोज २००० पासून असलेले 'ड्रायव्हर व्हेरिफायर' हे साधन संशयितावर मुद्दाम कडक पहारा ठेवते व नियमभंग होताच त्याच क्षणी संगणक थांबविते. त्यामुळे मूळ अपराधी आणि बळी यांतील अंतर नाहीसे होते. ते वापरण्यापूर्वी महत्त्वाच्या फाईलींची प्रत काढणे मात्र अगत्याचे आहे.

या शिस्तीच्या विरुद्ध टोकास आपल्याकडील सर्वांत रूढ उपाय आहे : 'फॉरमॅट करून टाका.' दुरुस्ती करणाऱ्यास वेळ नसतो, गिऱ्हाईकास घाई असते, आणि पुष्कळदा संगणक खरोखर चालूही होतो. पण फॉरमॅट म्हणजे दप्तर वाचण्यापूर्वीच जाळणे होय. ठसे जातात, नोंदी जातात. नंतर तोच ड्रायव्हर पुन्हा बसविला जातो आणि महिन्याभराने तोच बिघाड नवा म्हणून परत येतो. कारण न कळता गेलेला रोग बरा झाला असे म्हणता येत नाही.

६

या विवेचनाच्या प्रकाशात १९ जुलै २०२४ ची घटना पुन्हा पाहू. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये राहून संगणकावर पहारा देतो. कोणत्या हालचाली संशयास्पद समजाव्यात याचा मजकूर त्यास वेळोवेळी स्वतंत्र फाईलींतून पुरविला जातो. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी अशी एक नवी फाईल प्रसृत झाली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेण्यात आली. ज्या संगणकांनी मधल्या ७८ मिनिटांत ती उचलली ते कोसळले, आणि त्यांपैकी पुष्कळ पुन्हा सुरू होताच पुन्हा कोसळत राहिले.

कंपनीने नंतर प्रसिद्ध केलेल्या चौकशीत दिसते ते असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये या मजकुराचा एक नवा साचा ठरला. त्यात २१ रकाने होते. तो वाचणाऱ्या भागास मात्र २० मूल्येच पुरविली जात. एकविसाव्या रकान्यात तोवर 'काहीही चालेल' एवढेच लिहिलेले असल्यामुळे तो प्रत्यक्ष पाहण्याचा प्रसंगच आला नाही, आणि सर्व चाचण्या सुरळीत पार पडल्या. १९ जुलैच्या फाईलीत त्या रकान्यात प्रथमच नेमके मूल्य तपासण्याची सूचना आली. ड्रायव्हर अस्तित्वात नसलेल्या जागी वाचावयास गेला, आणि कर्नेल थांबला. म्हणजे दोष पाच महिने सुप्त होता. भाषेतील एखादे विरळ रूप प्रयोगात येईपर्यंत व्याकरणातील उणीव कोणाच्या ध्यानी येऊ नये, तसाच हा प्रकार. या प्रसंगी कोसळलेल्या संगणकांवर अद्ययावत मजकूरच पोहोचला होता, हे विसरता कामा नये. तेव्हा 'ड्रायव्हर अपडेट करा' हा सर्व बिघाडांवरील उतारा नव्हे. मेळ तुटला की बिघाड होतो. मग मागे राहिलेली बाजू कोणतीही असो.

निदानाच्या दृष्टीने आणखी दोन गोष्टी नोंदविण्याजोग्या आहेत. त्या सदोष फाईलीच्या नावाचा शेवट 'सिस' असा होता. विंडोजमध्ये हा प्रत्यय ड्रायव्हरचा समजला जातो, परंतु ती फाईल ड्रायव्हर नव्हती, ड्रायव्हरने वाचावयाचा मजकूर होती. नावावरून वस्तूची जात ठरवू नये, याचे हे ठळक उदाहरण. दुसरी गोष्ट अशी, की त्याच दिवशी भारतीय वेळेनुसार पहाटेपासून मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर या सेवेच्या मध्य अमेरिकेतील विभागातही बिघाड झाला होता. त्याचे कारण सर्वस्वी निराळे होते. पण विमानतळावर ताटकळणाऱ्या प्रवाशास, आणि प्रारंभी वृत्तपत्रांसही, दोन्ही मिळून 'मायक्रोसॉफ्टचा बिघाड' अशी एकच घटना दिसली. समकालीन घटना एककारण असतात असा समज इतिहासलेखनात जितका घातक, तितकाच येथेही.

उपाय सोपा होता : सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाईल पुसणे. पण तो बहुतेक ठिकाणी प्रत्येक यंत्राजवळ जाऊन हाताने करावा लागला. आणि जेथे डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती तेथे आधी त्याची किल्ली शोधावी लागली. किल्ल्यांची वही ज्यांनी नीट ठेवली होती, त्यांचे काम सुकर झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने, सुरक्षेच्या प्रणालींना कर्नेलच्या बाहेर राहून काम करता यावे यासाठी बदल करण्याचे जाहीर केले. दुभाष्यास सिंहासनाच्या पायरीवरून खाली उतरविण्याचाच हा प्रयत्न आहे.

७

वरील विवेचनातून निघणारे निष्कर्ष असे. एक, ड्रायव्हरचा प्रश्न यंत्राचे निर्माते एकमेकांपासून विलग झाले तेव्हा उद्भवला. मिन्स्कच्या काळी तो या रूपात नव्हता. दोन, तारीख किंवा नाव यांवरून ड्रायव्हर जुना ठरत नाही. भोवतालच्या व्यवस्थेशी त्याचा मेळ आहे की नाही यावरून ठरतो. तीन, कोसळलेल्या संगणकाजवळ त्या घटनेची साक्ष असते, आणि ती नष्ट करणारा उपाय हा उपाय नव्हे.

आपल्या विभागांत व ग्रंथालयांत यातून एक साधी प्रथा सुरू करता येईल. प्रत्येक संगणकासाठी एक नोंदवही असावी. तीत साधनांची नावे, ड्रायव्हरच्या आवृत्त्या, बदलाची तारीख आणि डिस्कच्या किल्ल्या कोठे ठेवल्या आहेत ते लिहावे. बिघाड झाल्यास फॉरमॅट करण्यापूर्वी मिनीडम्पचे फोल्डर दुसरीकडे उतरवून घ्यावे. जुन्या लॉकवर अवलंबून असलेला मराठी मजकूर, तो संगणक अद्याप सुरू होत आहे तोवरच, युनिकोडमध्ये आणावा. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्यामुळे अनेक यंत्रांवर आता पुन्हा भाषा बदलणार आहे, आणि जुन्या दुभाष्यांपैकी कित्येकांना ती येणार नाही. या शेवटच्या कामास विलंब परवडणारा नाही.